नाव कडूबाईचं, खोकला बायनाबाईचा

पेडगावची बायनाबाई घरात बायनाबाई होती, गल्लीत बायनाबाई होती, रेशनच्या दुकानातही बायनाबाईच होती. पण सकाळी साडेआठला ॲपेतून उतरून जिनिंगच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं की संध्याकाळी बाहेर येईपर्यंत ती कडूबाई असायची. यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. अकरा हंगाम झाले होते. एवढ्या वर्षांत माणूस सासरचं आडनावसुद्धा अंगवळणी पाडून घेतो, हे तर नुसतं नाव होतं.

कडूबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. पेडगाव आणि परभणीच्या मध्ये ही जिनिंग उभी राहिली तेव्हा पहिल्या चाळीस बायांत कडूबाई कामाला लागली होती. काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं होतं. झरीकडून, ताडकळसकडून टेम्पो भरभरून कापूस यायचा, अंगणात त्याचे डोंगर लागायचे. बायांनी त्यातून कवडी म्हणजे किडका, न फुललेला कापूस, पाला, पोत्याची सुतळी, गुटख्याच्या पुड्या वेचून काढायच्या आणि साफ कापूस टोपल्यांनी रेच्यांपर्यंत न्यायचा. रेचा सरकी वेगळी करतो, रुई वेगळी करतो, आणि रुईतली जी बारीक धूळ दोघांनाही नको असते ती बायांच्या नाकातोंडात जाते.

आठ हंगाम कडूबाईनं हे केलं. मग तिचा नवरा सटवाजी ताडकळसच्या मुकादमाबरोबर उसाला जायला लागला. कोयता हा जोडीनं धरला जातो. नवरा एकटा गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम विचारत नाही. ऊसतोडीचा हंगाम आणि जिनिंगचा हंगाम दोन्ही दिवाळीच्या आसपास सुरू होतात, त्यामुळं कडूबाईला एकाच वेळी सांगलीकडं आणि पेडगावला असणं भाग पडलं. त्यावर तिनं काढलेला उपाय जिनिंगमध्ये काही नवा नव्हता. जाताना धाकट्या जावेला म्हणाली, जागा मोकळी सोडू नको, माझ्या नावावर बस.

जिनिंगची रीतच तशी होती. जागा बाईची नव्हती, घराची होती. घरातून एक हात आला की हजेरी लागली, मग तो हात सासूचा असो, सुनेचा असो की नणंदेचा. बायांवर मुकादमीण होती सरजाबाई. ती वहीतलं नाव पुकारायची आणि समोरच्या टोपल्याकडं बघून खूण करायची, तोंडाकडं बघायची तिला गरज वाटत नसे. पगार कडूबाईच्या बँक खात्यात जमा व्हायचा आणि खात्याचं कार्ड बायनाबाईच्या ट्रंकेत असायचं. पीएफ मात्र कडूबाईच्या नावानं सरकारकडं साठत होता, आणि तो काढायचा कुणी याबद्दल दोघी जावा एकमेकींना कधी काही विचारत नसत, कारण दोघींना घरात नांदायचं होतं.

अडतीस बायांत अशा सात जणी होत्या, दुसरीच्या नावावर बसलेल्या. त्यातल्या एकीची मूळ मालकीण तर तीन वर्षांपूर्वी वारली होती, पण तिचा एकही खाडा झालेला नव्हता.

युनियन होती. तिचा सेक्रेटरी सिद्धोधन, परभणीचा, पन्नाशीचा माणूस. आधी तो स्वतः एका सूतगिरणीत होता, ती बंद पडल्यावर त्यानं दुसऱ्यांच्या गिरण्या बंद पडू नयेत म्हणून फिरायचा धंदा धरला, असं तोच सांगायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच्या सांगण्यावरून बाया चार दिवस फाटकासमोर बसल्या होत्या, डोक्यावर पत्रे हवेत आणि प्यायला स्वच्छ पाणी हवं म्हणून. पत्रे मिळाले, पाण्याची टाकीही मिळाली. त्या चार दिवसांत बायनाबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पोलिसांनी नावं लिहून घेतली तेव्हा तिनं सवयीनं कडूबाईचं नाव सांगितलं. पेपरात फोटो आला त्याखालीही तेच नाव छापलं गेलं. बिचारी कडूबाई सांगली जिल्ह्यातल्या फडात मोळ्या बांधत होती आणि इकडं परभणीच्या पोलीस ठाण्यात तिच्या नावापुढं जमाव जमवल्याची नोंद होत होती.

यंदा दिवाळीनंतर जिनिंग विकली गेली. घेणारी कंपनी बाहेरची, तिच्या अशा सतरा जिनिंग. पंधरा दिवसांत तिनं अंगणातून थेट रेच्यापर्यंत जाणारा एक जाडजूड पाइप बसवला. पाइप कापूस ओढून घेतो, टोपल्याची गरज नाही. टोपल्याची गरज नाही म्हणजे टोपलं वाहणारीची नाही, हे समजायला बायांना कुणी इंग्रजी शिकवावं लागलं नाही. मग कंपनीची एचआर मॅडम आली, राजेश्री नावाची. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, बोलायला गोड. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, अडतिसांतल्या वीस कमी करायच्या आहेत. दोन, हजेरीची वही बंद, आता भिंतीवरचं यंत्र चेहरा बघून हजेरी लावेल, त्यासाठी सोमवारी प्रत्येकीनं आपलं आधार कार्ड घेऊन यावं.

पहिल्या गोष्टीला बाया घाबरल्या. बायनाबाई दुसरीला घाबरली. सरजाबाई टोपल्याकडं बघायची, यंत्र तोंडाकडं बघणार होतं.

सिद्धोधननं कंपनीशी तीन बैठका केल्या, कामगार कार्यालयात अर्ज दिला, आणि विसावरून आकडा बारावर आणला. कमी करायच्या तर कायद्यानं शेवटी आलेली आधी जाईल, मालकाच्या मर्जीनं कुणी जाणार नाही, हेही लिहून घेतलं. ही काही लहान गोष्ट नव्हती. एवढं करून तो मोटारसायकलवर पेडगावला बायनाबाईच्या दारात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

ओट्यावर बायनाबाईचा पोरगा बजरंग बसला होता. सव्वीस वर्षांचा. दोन वर्षं चाकणला मोटारींचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता, आता झरीहून कापूस आणायच्या टेम्पोवर ड्रायव्हर. सिद्धोधननं चहा घेतला, इकडची तिकडची चौकशी केली आणि सरळ सांगून टाकलं. कामगार कार्यालयात तो यादी घेऊन भांडणार होता. यादीत कडूबाई चौथ्या नंबरवर होती, एकोणीस वर्षं. तिला कुणी हात लावू शकत नव्हतं. बायनाबाई यादीत कुठंच नव्हती. तेव्हा कडूबाईला बोलावून घ्या, तिचा चेहरा यंत्राला द्या, घरातली जागा घरात राहील.

बायनाबाईनं विचारलं, मग माझं काय.

सिद्धोधन बशीकडं बघत राहिला. बजरंग हसला.

"भाऊ, मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत बी युनियन व्हती. फाटकावर हा एवढा बोर्ड, कामगार एकजुटीचा विजय असो. मंदी आली तवा युनियननं करार केला. पक्क्या माणसाला धक्का न्हाई, ठेकेदाराची तीनशे पोरं बाहेर. आमाला मोबाइलवर मेसेज आला, उद्यापासून येऊ नका. आन पक्क्यांनी त्या दिवशी पेढे वाटले."

"पेढे वाटले ते वाईटच केलं," सिद्धोधन म्हणाला.

"पेढ्याचं सोडा. युनियन मंजी किल्ला हाय भाऊ. आत असंल त्याच्यासाठी. बाहेरच्याला तर दरवाजा लावून घेतला की भिंतच दिसती."

"आन किल्लाच नसता तर? तुज्या तीनशेबरोबर पक्के पाचशे बी गेले असते."

"जाऊ द्या की गेले असते तर. मला काय फरक पडला असता?"

सिद्धोधननं यावर थोडा विचार केला. त्या माणसाचा हा एक गुण होता, समोरच्याचं खरं असलं तर तो ते गिळून टाकत नसे. "तुला काही फरक पडला नसता," तो म्हणाला. "पण इथं मी नसतो तर वीस गेल्या असत्या. आता बारा जातील. त्या आठ जणींच्या घरी जाऊन विचार, युनियन चांगली का वाईट."

"आन त्या बारांच्या घरी तुमी जाऊन विचारा," बजरंग म्हणाला.

बायनाबाईनं कपबशा उचलल्या. दोघंही बरोबर बोलत होते आणि दोघांच्याही बोलण्यात ती कुठं बसत नव्हती. तिचा नवरा व्यंकटी शेळ्या घेऊन आला, त्यानं सगळं ऐकलं आणि सांगितलं की वहिनीला फोन करावा लागेल. या घरात मोठा निर्णय व्यंकटी असाच घ्यायचा, दुसऱ्याला फोन करून.

कडूबाई शुक्रवारी आली, गाडीचा प्रवास अंगावर घेऊन. हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे होते आणि चेहरा काळवंडला होता. बायनाबाईला आशा होती की ती म्हणेल, मी तिकडं सुखी आहे, तुझं तू बघ. पण कडूबाईनं चुलीपुढं बसता बसताच सांगितलं की यंदा फडात ऊस तोडायचं मशीन आलंय. चांगला सरळ ऊस मशीन खातं, लोळलेला, गबाळ ऊस टोळीला ठेवतात. चार टोळ्यांतल्या दोन परत पाठवल्या. पुढल्या वर्षी मुकादम आपल्याला नेईल का नाही याचा सटवाजीला भरवसा नव्हता. तेव्हा जिनिंगची जागा आता तिला हवी होती.

पाइपनं एका जावेला ढकललं होतं, मशीननं दुसरीला, आणि दोघी येऊन एकाच नावावर आदळल्या होत्या.

बायनाबाई भाकरी थापत राहिली. कडूबाई जाळ सारत राहिली. थोड्या वेळानं कडूबाईच बोलली.

"हे बघ, मी काय दुसऱ्याचं मागत न्हाई. तुला बसवलं व्हतं मी. नाव माजं हाय."

"नाव तुमचं हाय आक्का," बायनाबाई म्हणाली. "पण खोकला माजा हाय."

तो खोकला कडूबाईनं ऐकलेला होता. भादव्यात जेव्हा रुईचा कणही हवेत नसतो तेव्हाही बायनाबाई पहाटे उठून ओसरीत खोकत बसायची, आणि मधल्या भिंतीपलीकडं कडूबाईची झोप मोडायची. पण ऐकून घेणं वेगळं आणि जागा सोडणं वेगळं. जेवताना दोघी शेजारी बसल्या, एकमेकींना वाढलं, आणि बोलल्या त्या फक्त मिठाबद्दल.

सोमवारी यंत्र लागायचं होतं, म्हणून शनिवारी दुपारच्या सुट्टीत सिद्धोधननं फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बायांची बैठक घेतली. मूळ मालकिणींपैकी तिघी आल्या होत्या, त्यात कडूबाई. सिद्धोधननं हिशोब मांडला. आधी बिनयादीच्या सात जातील, मग जितक्या लागतील तितक्या यादीतल्या सगळ्यांत नव्या. तो म्हणाला, मला हे गोड लागत नाही, पण कामगार कार्यालयातल्या साहेबापुढं मी कागद ठेवू शकतो, माणूस ठेवू शकत नाही. मतदान घ्यायचं होतं, हात वर करून. आणि ज्या सात जणींचा प्रश्न आहे त्या सभासदच नसल्यामुळं त्यांनी बाजूला बसावं.

सात जणींतल्या सहा उठल्या आणि बाजूला जाऊन बसल्या. बायनाबाई उठली पण बाजूला गेली नाही.

"भाऊ, एक सवाल हाय," ती म्हणाली. "तीन वर्षामागं चार दिवस बसलो आपण हितंच. बसायचं का न्हाई याला बी हात वर केले व्हते. माजा हात व्हता त्याच्यात."

"व्हता," सिद्धोधन म्हणाला.

"तवा तुमी मोजला?"

"मोजला."

"मग तवाचा हात खोटा आसंल तर ते पत्रे बी काढून द्या कंपनीला. पाण्याची टाकी बी द्या. मी सभासद न्हाई तर पोलिसाच्या गाडीत कोन बसलं व्हतं? आक्का तर सांगलीला व्हत्या."

बायांत हसू फुटलं. कडूबाईच्या चेहऱ्यावरही क्षणभर काहीतरी हललं, कारण पोलीस ठाण्यातली ती नोंद तिला घरच्यांनी वर्षभर चिडवायला वापरली होती. मग पुढं बसलेली ज्ञानेश्वरी बोलली. ज्ञानेश्वरी पेडगावचीच, बायनाबाईच्याच ॲपेतून येणारी, चौथाच हंगाम होता तिचा. ती म्हणाली, मावशी, तुमचं समदं खरं हाय, पण तुमाला धरलं तर मी जाते. मी आधार कार्ड घेऊन, सोताच्या नावानं कामाला लागले, माजी काय चूक झाली?

हे बायनाबाईच्या मनातही नव्हतं. ती कंपनीशी भांडायला उभी राहिली होती, थोडी सिद्धोधनशी, फार तर जावेशी. ज्ञानेश्वरीशी तिला भांडायचं नव्हतं. तिनं काही बोलायचा प्रयत्न केला आणि तिला खोकला आला. लोकांना वाटलं मुद्दाम.

तेवढ्यात सरजाबाई मुकादमीण बोलली. ती एरवी बैठकीत बोलत नसे, मुकादमानं मालकाचं व्हायचं का बायांचं हे तिचं तिलाच नीट ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, वहीत नाव कुणाचं का असेना, टोपलं कुणी किती हंगाम उचललं ते मला तोंडपाठ आहे. साहेबाला कागद पाहिजे असेल तर मी बोलते, सिद्धोधनभाऊंनी लिहून घ्यावं, आणि सगळ्यांनी त्याखाली अंगठे द्यावेत. झाला कागद.

सिद्धोधननं बराच वेळ डोकं खाजवलं. आयुष्यभर तो मालकांना सांगत आला होता की कामगार म्हणजे रजिस्टरमधला नंबर नाही, आणि आज लिंबाखाली तोच रजिस्टर घेऊन बसला होता. शेवटी त्यानं सहा जणींना परत बोलावलं. सगळ्यांचे हात मोजायचे, यादीतल्या, बिनयादीच्या आणि आलेल्या तिघी मालकिणी, असं ठरलं. प्रश्न एकच, शेवटी आली कोण हे नावावरून धरायचं की कामावरून.

नावाच्या बाजूनं सोळा हात वर गेले. त्यात कडूबाईचा होता, चांगला सरळ, कोपरात न वाकलेला. ज्ञानेश्वरीचाही होता. कामाच्या बाजूनं तेवीस. दोघींनी हात वर केलाच नाही. तेविसांतल्या बहुतेक जुन्या बाया होत्या, ज्यांची जागा काही झालं तरी जाणार नव्हती. न्यायानं वागणं त्यांना परवडत होतं.

कंपनीनं हा कागद मानला, पण जिनिंगला शोभेल असाच मानला, कवडी वेगळी काढून. राजेश्री मॅडमला जुन्या नावांशी घेणंदेणं नव्हतं, तिला सोमवारी यंत्रापुढं उभे राहणारे चेहरे हवे होते आणि कामगार कार्यालयात तंटा नको होता. कोण आधी जाणार हे ठरवण्यापुरते मागचे हंगाम धरू, असं तिनं लिहून दिलं. पण देणं-घेणं, पीएफ, ग्रॅच्युइटी या कशासाठी ते धरणार नाही. म्हणजे रांगेत उभं राहायला बायनाबाईला अकरा वर्षं झाली होती आणि बाकी सगळ्याला ती त्या दिवशी सकाळी लागली होती. सिद्धोधन यावर अजून भांडतो आहे. कामगार कार्यालयात तारखा पडतात.

बारा जणी गेल्या. त्यात बिनयादीच्या दोघी होत्या आणि ज्ञानेश्वरी होती. यादीचा नियम राहिला असता तर ज्ञानेश्वरी थोडक्यात वाचली असती.

कडूबाई मंगळवारीच परत निघाली. गबाळ का होईना, ऊस उभा होता आणि सटवाजी अर्ध्या कोयत्यावर अडकून पडला होता. बायनाबाईनं तिच्याबरोबर भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कडूबाईनं ती घेतली. फाट्यावर गाडीत चढताना तिनं येते म्हणून व्यंकटीला सांगितलं, बजरंगला सांगितलं, शेळीच्या करडांनाही जवळ घेतलं, पण धाकट्या जावेशी बोलली नाही.

इकडं युनियननं एक वेगळीच गोष्ट केली. कंपनीशी पुढच्या बोलण्याला बायांतून दोघींनी यावं असं ठरलं आणि बायांनी सरजाबाईबरोबर बायनाबाईचं नाव दिलं. तिला बोलता येतं, एवढंच कारण. ओट्यावर बजरंगनं तिला चिडवून घेतलं, माय, तू तर आता किल्ल्यात गेलीस, वरून तोफ मारू नको म्हणजे झालं. तिनं त्याला टेम्पोत नीट डिझेल टाकायला सांगितलं.

पहिल्याच बैठकीत विषय निघाला तो पुढच्या हंगामाचा. गेलेल्या बारा जणींना कंपनीनं आधी बोलवावं, नवी बाई मागाहून घ्यावी, ही सिद्धोधनची मागणी होती. बायनाबाईनं त्यात भर घातली की ज्यांनी पूर्वी काम केलंय आणि आपलं नाव दुसरीला देऊन बाहेर राहिल्या त्याही यात धराव्यात. राजेश्री मॅडमनं फार आढेवेढे घेतले नाहीत, पुढच्या हंगामाचं आश्वासन द्यायला कुणाला त्रास होत नाही. फक्त ती म्हणाली, "मावशी, जागा निघाली तर एखाददुसरीच निघेल. मला क्रम लावून द्या. पहिली कोण, दुसरी कोण. भांडणं मला नकोत, तुम्हीच ठरवा."

तिनं कोरा कागद सरकवला. सरजाबाईनं तो बायनाबाईपुढं सरकवला. बायनाबाईला लिहिता येत होतं, चौथीपर्यंतचं, अक्षर मोठं.

लिंबाखाली जो नियम तिनं मागून घेतला होता तो सरळ होता, कुणी किती हंगाम टोपलं उचललं. कडूबाईचे आठ. ज्ञानेश्वरीचे चार. नियमानं पहिलं नाव थोरल्या जावेचं येत होतं आणि गावात सगळे म्हणणार होते की बायनाबाईनं घर सांभाळलं. ज्ञानेश्वरीचं पहिलं लिहावं तर चांगुलपणा पदरात पडला असता, पण मग लिंबाखाली ती जे बोलली ते स्वतःपुरतंच बोलली असा त्याचा अर्थ झाला असता. ती सिद्धोधनकडं बघायला लागली. तो खिडकीबाहेरच्या पाइपकडं बघत होता. ओट्यावर बशीकडं बघत होता ना, अगदी तसाच. तेव्हा तिला त्याचा राग आला होता.

तिनं पहिलं नाव कडूबाईचं लिहिलं. दुसरं नाव पाच हंगाम झालेल्या एकीचं. ज्ञानेश्वरी तिसरी.

संध्याकाळी तिनं फडात फोन लावला. मागं मोळ्या आपटल्याचा आवाज येत होता, सटवाजी बैलांवर ओरडत होता. पुढल्या हंगामात जागा निघाली तर पहिली हाक तुम्हाला, असं लिहून घेतलंय, हे तिनं एका दमात सांगितलं.

"ज्ञानेश्वरीचं काय केलंस?" कडूबाईनं विचारलं.

"तिसरी हाय ती."

"पोरगी दुसरेपणावर दिलेली हाय. नवरा बसून खातो तिचा." आणि थोडं थांबून, "तुजा खोकला कसा हाय?"

"हाय तसाच."

"गुळाचं पाणी घेत जा सकाळचं. हितून गूळ पाठवते," कडूबाई म्हणाली, आणि मुकादम बोलवायलाय म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपे नेहमीसारखी बायनाबाईला घेऊन निघाली आणि शाळेच्या कोपऱ्यावर, ज्ञानेश्वरी चढायची तिथं थांबली. सुट्टीवरून परतलेल्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, गल्लीकडं मान वळवून बघत राहिला. गल्लीत एका दाराशी कुणीतरी भांडी घासत होतं, ते उठून आत गेलं.

"चल बाबा," बायनाबाई म्हणाली. "ती येत न्हाई आता."